एका इंग्रजी शब्दाची जपानी कुळकथा

इंग्रजी शब्दाला आपल्या भाषेत काय म्हणावे, हा प्रश्न बडोद्यातील जुन्या मराठी घरांना नवा नाही. घरात मराठी, बाजारात गुजराती, कचेरीत इंग्रजी आणि माळ्यावरच्या पेटीतील वतनाच्या कागदांत फारसी वळणाची मोडी, अशा चौरंगी व्यवहारात आपल्या कित्येक पिढ्या गेल्या. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश सिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्द आणि त्याला गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी आदी भाषांत काय म्हणतात ते शेजारी शेजारी, असे त्याचे स्वरूप. असा कोश उघडून बसले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ज्या शब्दाला एकच अर्थ असतो, त्याला प्रतिशब्द मिळावयास फारसा वेळ लागत नाही. खरी पंचाईत होते ती एकाच नावाच्या पाटीखाली सात अर्थांचे बिऱ्हाड थाटून बसलेल्या शब्दाची.

आज अशाच एका शब्दाची हकीगत सांगावयाची आहे. शब्द इंग्रजी आहे, पण हकीगत घडली ती जपानात. निवृत्तीनंतर हाती वेळ आला तेव्हा मी जपानी भाषेची धुळाक्षरे गिरवू लागलो. त्या भाषेचा मी पंडित नव्हे. पण इंग्रजीतील दहा-वीस साधी वाक्ये जपानीत उतरवू पाहणाऱ्या कोणालाही हा शब्द लवकरच आडवा येतो. तो शब्द म्हणजे ‘राइट’.

उजवा हात तो ‘राइट हँड’. गणिताचे बरोबर आलेले उत्तर ‘राइट’. भूमितीतील काटकोन तो ‘राइट अँगल’. कामाला साजेसा माणूस तोही ‘राइट’. आत्ताच्या आत्ता म्हणावयाचे तर ‘राइट नाऊ’, ठीक आहे म्हणावयाचे तर ‘ऑल राइट’, आणि कलंडलेली नाव पुन्हा सरळ करणे म्हणजे ती ‘राइट’ करणे. शेवटी, नागरिक सरकारच्या दारात उभा राहून जे मागतो, तेही ‘राइट’च. वरवर पाहता ही मंडळी एकमेकांना ओळखही देणार नाहीत. पण त्यांचा मूळ पुरुष एक आहे. ‘सरळ’ हा तो मूळ अर्थ. इंग्रजी ‘राइट’ आणि संस्कृत ‘ऋजु’ ही दोन्ही एकाच प्राचीन धातूची लेकरे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. त्या ऋजूपासूनच आपला जुना ‘उजू’ आणि नित्याचा ‘उजवा’ हे शब्द आले. म्हणजे ‘राइट हँड’ आणि ‘उजवा हात’ ही दूरची भावंडेच म्हणावयाची. जे सरळ ते खरे, जे खरे ते न्यायाचे, आणि जे न्यायाचे ते मागावयास लाज कसली, अशा पायऱ्या चढत हा शब्द अंगणातून न्यायालयात पोचला.

जपानीत हा जिना नाही. तेथे प्रत्येक पायरीचे घर निराळे. उजव्या बाजूला ‘मिगी’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा खरेपणाशी किंवा सरळपणाशी काही संबंध नाही. जुन्या जपानी दरबारात तर डावा मंत्री उजव्या मंत्र्याहून वरच्या पायरीचा असे! तेव्हा उजवे ते चांगले, हे समीकरण तेथे गृहीत धरून चालत नाही. उत्तर बरोबर असेल तर ‘तादाशी’. बोलणाऱ्याचे म्हणणे पटले तर ‘सोनो तोरी’. ‘तोरी’ म्हणजे जाण्याची वाट, तेव्हा ‘अगदी त्याच वाटेने’ असा काहीसा त्याचा भाव. ‘ऑल राइट’साठी ‘दाइजोबु’ म्हणतात. हा मूळचा ‘थोर, खंबीर पुरुष’ अशा अर्थाचा शब्द. आता मात्र पडलेल्या मुलाला ‘लागले नाही ना?’ असे विचारताना आणि दुकानदाराने पिशवी देऊ केली असता ‘नको, राहू द्या’ असे म्हणतानाही तोच कामी येतो. एका ‘राइट’च्या जागी निरनिराळे शब्द वापरल्याखेरीज जपानी वाक्य कानाला जपानी वाटतच नाही.

येथवर अडचण काही नाही. थोडा सराव झाला म्हणजे ही निवड अंगवळणी पडते. नवल वाटले ते पुढेच. जपानी लोक चिनी अक्षरे वापरतात, आणि एकेक अक्षर हा एकेक शब्दच असतो, हे वाचकांना ठाऊक असेल. त्यांतील एका अक्षराचा अर्थ ‘सरळ’ असा आहे. ते अक्षर ‘सुगु’ असे वाचले म्हणजे ‘लगेच’ हा अर्थ होतो; ‘राइट नाऊ’ला जपानीत ‘इमा सुगु’ म्हणतात. तेच अक्षर ‘नाओसु’ या क्रियापदात आले की मोडलेले दुरुस्त करणे, चुकलेले सुधारणे असा अर्थ होतो. ‘चोक्काकु’ म्हणजे काटकोन, त्यातही तेच. आणि ‘शोजिकी’ म्हणजे प्रामाणिकपणा. त्याचा उत्तरार्ध पुन्हा तेच अक्षर! सरळपणावरून तत्काळ, दुरुस्ती, काटकोन आणि सचोटी येथवर हे अक्षर ‘राइट’च्या पावलावर पाऊल टाकून चालते. फक्त एका ठिकाणी ते त्याची सोबत सोडते. नागरिकाच्या ‘राइट’मध्ये ते नाही. ते तेथे का नाही, हाच या कुळकथेचा गाभा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जपानची बंदरे परकीयांना खुली झाली आणि पाश्चात्य कायदा, राजनीती व अर्थशास्त्र यांचे ग्रंथ जपानी विद्वानांच्या हाती पडले. त्यांत फुकुझावा युकिची हे नाव अग्रगण्य. १८३५ साली एका सामान्य सामुराई घरात त्यांचा जन्म झाला. ओसाकात त्यांनी डच भाषा शिकली. पण १८५९ साली योकोहामाला गेले तो दुकानांच्या पाट्या त्यांना वाचता येईनात, कारण त्या इंग्रजीत होत्या. मग त्यांनी नव्याने इंग्रजीचा पाठ घेतला. १८६० साली ते अमेरिकेस आणि १८६२ साली युरोपास जाऊन आले. ‘सेइयो जिजो’ म्हणजे ‘पाश्चात्यांची स्थिती’ हे त्यांचे पुस्तक १८६६ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले. १९८४ ते २०२४ या काळात जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर ज्यांचे चित्र छापले जाई, ते हेच गृहस्थ.

या पुस्तकाच्या १८७० सालच्या भागात प्रारंभीच फुकुझावांनी ‘राइट’ या एका शब्दाची फोड करून दाखविली आहे. ती वाचताना कोशकाराचा नव्हे, शिक्षकाचा आवाज ऐकू येतो. प्रथम ते सांगतात की, या शब्दाचा मूळ अर्थ ‘शोजिकी’, म्हणजे सचोटी. वाकडेपणा न करता माणसाने आपले कर्तव्य करावे, हा त्याचा आशय. त्यावरून पुढे ‘न्यायाने जे मागता येते ते’ असा दुसरा अर्थ निघाला. आणि ज्याने स्वतःचे कर्तव्य केले नाही त्याला दुसऱ्याकडे मागणे करण्यास तोंड नाही, हेही ते बजावतात. तिसरा अर्थ ‘एखादी गोष्ट करण्याची सत्ता’. शहरात गस्त घालणाऱ्याने गुन्हेगाराला धरावे, ती त्याची सत्ता. आणि चौथा ‘जे माणसापाशी स्वभावतःच असावयाचे ते’. जसे त्याचे स्वातंत्र्य. चिनी भाषांतरकारांचे ‘त्सूगी’ यासारखे शब्द त्यांनी समोर ठेवले, त्यांवरून नीट बोध होत नाही असेही म्हटले, आणि दुसरा चांगला शब्द नाही म्हणून ‘त्सूगी’च पत्करला. ‘सर्वांस लागू असणारे न्याय्य तत्त्व’ असा काहीसा त्याचा अर्थ होईल. त्यात सरळपणा शाबूत होता.

पण दरम्यान दुसराच एक शब्द चीनहून समुद्र ओलांडून आला होता. मार्टिन नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने व्हीटनच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथाचे चिनी भाषांतर १८६४ साली पेकिंगला प्रसिद्ध केले, आणि लगेच पुढच्या वर्षी ते जपानात छापले गेले. त्यात ‘राइट’साठी दोन अक्षरांचा एक जोडशब्द होता. जपानी उच्चाराप्रमाणे तो ‘केन्री’. ‘केन्’ हे अक्षर तागडीच्या वजनाचे आणि त्यावरून सत्तेचे. ‘री’ हे अक्षर लाभाचे, नफ्याचे. हा शब्द चिनी वाचकांच्या कानांना खटकणार, याची मार्टिनला जाणीव होती. पुढे १८७७ साली दुसऱ्या एका ग्रंथाच्या प्रारंभी त्याने खुलासाच केला की, येथे ‘केन्’ म्हणजे केवळ अधिकाऱ्यांच्या हातची सत्ता समजू नये. सामान्य माणसाच्या वाट्याला न्यायाने जे येते तेही त्यात धरावे.

जपानात हा शब्द रुजविला तो मित्सुकुरी रिन्शो या तरुण विद्वानाने. १८६९ साली नव्या सरकारने त्याच्यावर फ्रेंच दंडसंहितेच्या भाषांतराचे काम सोपविले. पाठोपाठ दिवाणी कायदाही आला. फ्रेंचमध्ये ‘राइट’च्या जागी ‘द्र्वा’ हा शब्द आहे, आणि त्याचेही अर्थ तितकेच: सरळ, उजवा, कायदा आणि नागरिकाचे मागणे. मित्सुकुरीने चिनी ग्रंथातला ‘केन्री’ उचलला. नागरिकांच्या या मागण्यांना एकत्रितपणे त्याने ‘मिन्केन’ म्हटले. ‘मिन्’ म्हणजे प्रजा. हा शब्द समितीपुढे येताच गिल्ला झाला. प्रजेला ‘केन्’ आहे म्हणजे काय? सत्ता सरकारची असते, प्रजेची कशी असेल? मित्सुकुरीने जिवाच्या आकांताने आपला शब्द लढविला, आणि अध्यक्ष एतो शिम्पेइ यांनी बाजू सावरल्यामुळेच तो कसाबसा टिकला. ही आठवण पुढे १८८७ साली मित्सुकुरीनेच एका व्याख्यानात सांगितली.

या आठवणीला एक करुण शेपूट आहे. तेच एतो शिम्पेइ जानेवारी १८७४ मध्ये लोकनियुक्त सभेची मागणी करणाऱ्या अर्जावर सही करणाऱ्यांपैकी एक होते. पुढच्याच महिन्यात सागा प्रांतातील बंडाचे ते पुढारी झाले, आणि एप्रिलमध्ये ज्या सरकारात ते न्यायमंत्री राहिले होते, त्याच सरकारने त्यांचा शिरच्छेद केला. ‘मिन्केन’ हा शब्द मात्र मागे उरला आणि त्या दशकातील मोठ्या लोकचळवळीच्या नावात जाऊन बसला.

शब्द रुजला खरा. पण तो लिहावा कसा, हा वाद राहिलाच. जपानीत ‘री’ या एकाच उच्चाराची अनेक अक्षरे आहेत. एक ‘री’ नफ्याचे, तर दुसरे विवेकाचे, तर्कशुद्धतेचे. फुकुझावांनी १८७२ ते १८७६ या काळात सतरा भागांत लिहिलेल्या ‘विद्येचे प्रोत्साहन’ या पुस्तकात ‘केन्री’ लिहिला तो विवेकाच्या ‘री’ने. कानाला फरक काहीच नाही. डोळ्याला मात्र पुष्कळ. एका लेखनात माणूस सत्ता आणि नफा मागतो. दुसऱ्यात तो सत्ता आणि न्याय मागतो. शेवटी कायद्याच्या पुस्तकांत नफ्याचा ‘री’च टिकला. १८८९ च्या राज्यघटनेत प्रजाजनांचे ‘केन्री’ आणि कर्तव्ये यांचे प्रकरण आहे, तेथेही तोच. १९४६ साली अमेरिकनांनी इंग्रजीत केलेला मसुदा जपानीत उतरवून नवी राज्यघटना तयार झाली आणि ती प्रथमच बोलीच्या वळणाच्या भाषेत लिहिली गेली. तोवर हा शब्द इतका जुना झाला होता की, त्याला पर्याय शोधण्याचे कारणच उरले नव्हते.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. यानाबु आकिरा या अभ्यासकाने १९८२ साली अशा भाषांतरित शब्दांवर एक छोटे पण मोलाचे पुस्तक लिहिले. ‘केन्’ या अक्षरातील सत्तेचा अर्थ चोरपावलांनी ‘राइट’मध्ये शिरला आणि न्याय्यपणाचा अर्थ मागे पडला, असे त्याचे म्हणणे. मला ते पटते. सामान्य जपानी बोलण्यात ‘हा नुसता केन्रीच सांगत असतो’ हे वाक्य आजही दूषण म्हणून वापरले जाते. इंग्रज माणूस ‘माझा राइट’ म्हणतो तेव्हा ‘माझे बरोबर आहे’ हा सूर त्याच्या शब्दातच वाजतो. जपानी माणसाच्या शब्दात तो सूर नाही. तेथे तराजूचे वजन आणि नफा आहे. मागणे तेच, पण मागणाऱ्याकडे पाहण्याची जगाची नजर वेगळी.

तर मग बोली जपानीत न्याय्यपणा गेला कोठे? तो कोठे गेला नाही; कायद्याच्या पुस्तकाबाहेर सुखाने नांदतो आहे. ‘मला असे बोलण्याचा तुम्हांला काय राइट?’ हे इंग्रजी वाक्य घ्या. ‘केन्री’ घालून त्याचे भाषांतर होते आणि लोक तसे बोलतातही. पण मुरलेला जपानी माणूस म्हणेल की, असे ऐकून घेण्याचा ‘सुजिआइ’ नाही. ‘सुजी’ म्हणजे शीर, धागा, रेघ, कथेचे सूत्र. ज्या बोलण्याला धागादोरा नाही, ते ऐकून का घ्यावे? पाहा, सरळ रेघ परत आली! तसेच, ‘तुमचे रागावणे अगदी राइट आहे’ हे सांगताना जपानी माणूस म्हणतो, ‘तुम्ही रागावलात यात मुरी नाही.’ ‘मु’ म्हणजे अभाव, आणि ‘री’ म्हणजे तोच विवेकाचा ‘री’, जो फुकुझावांनी जपला आणि कायद्याने गाळला. भाषांतरकाराने दारातून घालवलेला अर्थ परसातून आत येऊन चुलीपाशी बसला आहे.

येथे मला आपल्या ‘नाहक’ची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. ‘नाहक त्रास झाला’ म्हणताना आपण जे म्हणतो, तेच थोड्याफार फरकाने जपानी ‘मुरी’ म्हणतो. हक्क हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ सत्य, आणि न्यायाने देणे लागते ते. मन्सूरच्या ‘अनल्हक’मध्ये तो सत्याच्या अर्थाने आहे, आणि आपल्या घरातील देशमुखी-देशपांडेपणाच्या कागदांत देण्याच्या अर्थाने. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी हक्क मराठीत राहिला तो राहिलाच. ‘हकनाक’ बनून बायकांच्या बोलण्यातही उतरला. एवढेच नव्हे, तर त्याला मराठीत एक माया आली. ‘हक्काने ये’, ‘हक्काने माग’ असे आपण ज्याला परके मानत नाही त्यालाच म्हणतो. जपानीत ‘केन्रीने ये’ असे कोणी म्हणणार नाही.

म्हणजे जपानी विद्वानांपुढे जे दोन रस्ते होते, तेच आपल्यापुढेही आहेत. आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठात ‘मूलभूत हक्क’ आहेत, हिंदी पाठात ‘मूल अधिकार’. अधिकार हा शब्द वजनदार खरा. पण त्यातूनच ‘अधिकारी’ निघतो, आणि अधिकारी म्हणजे खुर्चीवरचा माणूस. जपानी ‘केन्’ची जी गत, तीच त्याची. मराठीत आज दोन्ही शब्द चालू आहेत: २००५ चा कायदा ‘माहितीचा अधिकार’ या नावाने ओळखला जातो, तर २००९ चा ‘शिक्षण हक्क’ म्हणून. एकच ‘राइट’, पण चार वर्षांच्या अंतराने त्याला दोन नावे मिळाली, आणि त्यावर कोणी वाद घातल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. त्या जपानी समितीत निदान गिल्ला तरी झाला होता.

मी स्वतः हक्काच्या बाजूचा आहे, हे वाचकांनी एव्हाना ओळखले असेल. कारण भाषाभिमान नव्हे. हक्क आपल्याकडेही परकाच आला होता. कारण एवढेच की, हा शब्द उच्चारताना मागणाऱ्याच्या तोंडी सत्तेआधी सत्य येते. आपल्या घरांतील मुलेमुली आता जपानी कंपन्यांच्या कामासाठी ती भाषा शिकू लागली आहेत, आणि एक कळ दाबली की भाषांतर करून देणारी यंत्रेही त्यांच्या हातात आहेत. त्यांनी ती खुशाल वापरावीत. मात्र ‘राइट’सारखा शब्द समोर आला म्हणजे यंत्राने दिलेला पहिला प्रतिशब्द उचलण्यापूर्वी या वाक्यात तो सरळपणाचा आहे, खरेपणाचा आहे की मागण्याचा आहे, एवढे क्षणभर थांबून पाहावे. आणि जपानीतून मराठीत येताना ‘केन्री’ भेटला, तर त्याला अधिकार म्हणावे की हक्क, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरवावे मात्र जरूर.